वीस हजारांत पहिला टर्नटेबल: आधी आजोबांची पेटी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरजेच्या घरी माळ्यावरून आजोबांची रेकॉर्डची पेटी खाली उतरवली, साठ-सत्तर तबकड्या निघाल्या. हातात सगळे मिळून वीस हजार रुपये आहेत. ऑनलाइन सहा हजारांत मिळणारा लाल सुटकेसमधला प्लेअर मनात भरलाय. न्यू जर्सीचे काका त्यांच्याकडचा जुना टर्नटेबल पाठवायला तयार आहेत. शिवाय घरातच एक बंद पडलेला एचएमव्ही फिएस्टा, म्हणजे जुना पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर, आहे. यातलं काय करावं?

मी पुण्यात गेली २८ वर्षं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. सुटकेस घेऊ नका. काकांचा टर्नटेबल विमानात चढण्याआधी त्याच्या पाठीवरची पाटी वाचून घ्या. फिएस्टा जपून ठेवा, पण त्यावर आजोबांच्या रेकॉर्ड लावू नका. आणि हे तिन्ही बाजूला ठेवलं तर नवा, साधा, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक टर्नटेबल घ्या. मात्र यातलं काहीही ठरवण्याआधी एक संध्याकाळ काढून ती पेटी नीट उपसा. यंत्र कुठलं हवं, हे त्या पेटीत काय आहे त्यावर ठरतं. बहुतेक लोक उलट करतात. आधी यंत्र आणतात आणि मग कळतं की निम्म्या तबकड्या त्यावर वाजतच नाहीत.

पेटीत तीन जातीच्या तबकड्या असतील. बारा इंची, लवचिक, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणाऱ्या त्या एलपी, मिनिटाला ३३ १/३ फेरे. सात इंची छोट्या ईपी, बहुतेक ४५ फेऱ्यांच्या. मराठी घरांत भावगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या ईपी हमखास सापडतात. काही सात इंची तबकड्या ३३ च्याही निघाल्या होत्या, म्हणून आकार बघून वेग ठरवू नका, लेबलावरचा आकडा वाचा. तिसरी जात ७८ फेऱ्यांची. जड, जाड, बहुधा दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं एकच गाणं. नखाने हलकी टिचकी मारली तर एलपी मुका आवाज देते, ७८ खापरासारखी टणटणते. ती लाखेची असते आणि हातातून पडली की तिचे तुकडे होतात. एलपी बाजारात आली १९४८ साली, पण आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं ७८ च्या तबकड्या निघत राहिल्या, त्यामुळे आजोबांच्या पेटीत त्या असण्याची शक्यता दाट आहे. तुम्ही मिरजेचे, म्हणून जास्तच वाटतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली वारले, आणि त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत आलं ते ७८ च्या तबकड्यांवरूनच आलं. बालगंधर्वांच्या, हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्याही बहुतेक याच जातीच्या.

तिन्ही ढीग वेगळे करा आणि मोजा. ७८ चा ढीग पाच-सातांचा असेल तर पहिला टर्नटेबल घेताना त्यांचा विचार करू नका. निम्मी पेटी ७८ ची निघाली तर गणित बदलतं, कारण आजचे बहुतेक स्वस्त टर्नटेबल फक्त ३३ आणि ४५ वर चालतात. वेगाचं बटण असलं तरी तेवढ्याने भागत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ०.०७५ मिलिमीटर टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या पाव जाडीची, ०.०१८ मिलिमीटरच्या आसपास. ती बारीक सुई ७८ च्या खाचेत ठेवली तर तळाशी जाऊन घासते, तिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि चुरा असतो, त्यामुळे गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, तीही सुईला खाते. उलटं तर अजिबात करू नका. ७८ ची जाड सुई एलपीवर टेकवली तर त्या तबकडीचं कायमचं नुकसान होतं. आणि चावीचा, कर्ण्याचा ग्रामोफोन कुणाकडे असेल तर त्यावर एलपी कधीच लावायची नाही. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेला गोल डबा, शंभर ग्रॅमच्याही वर भार टाकतो, पोलादी सुईने एका फेरीत प्लॅस्टिक खरवडून निघतं. चोरबाजारात नवा पितळी कर्णा आणि कुत्र्याचं चित्र लावून जे ‘अँटिक’ ग्रामोफोन विकतात, ते शोभेचे समजा. त्यात पैसे घालू नका.

७८ च्या ढिगासाठी माझा सल्ला असा: त्या उभ्या, एकेक कागदी पाकिटात ठेवा आणि योग्य सुई असलेल्या एखाद्या संग्राहकाकडून एकदा संगणकावर उतरवून घ्या. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून याच मंडळींना एकत्र आणत आली आहे. अशा लोकांपर्यंत पोचलात की तबकडी कुठल्या सालची, कुठल्या मालिकेतली, हेही कळतं. आणि ही माणसं मनापासून मदत करतात.

आता सुटकेसविषयी. तिचा रंग, हँडल, आतले स्पीकर, सगळं एका खोक्यात, म्हणून मोह होतो हे मला समजतं. पण आत काय असतं ते पाहा. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीची वीज करणारा भाग, सिरॅमिक, सुईचं टोक बहुधा हिऱ्याचं नव्हे तर कृत्रिम नीलम्याचं, सुईचा तबकडीवरचा भार पाच-सहा ग्रॅम, आर्मला (सुईच्या दांड्याला) तोल साधायची काहीच सोय नाही. चांगल्या साध्या टर्नटेबलवर हा भार दोन ते साडेतीन ग्रॅम असतो. एकदा वाजवली म्हणून रेकॉर्ड मरते असं नाही, उगाच घाबरवायचं नाही मला. पण ती सुई ताठ असते, खाचेचे बारीक वळसे तिला झेपत नाहीत. तार सप्तकातली तान आली, तबल्याची चाट जोरात पडली की ती खाचेच्या भिंतीवर आदळत जाते. नीलम्याचं टोक लवकर झिजतं, झिजलं की त्याला धार येते, आणि तुम्हाला ती दिसत नाही. सहा महिन्यांनी चांगल्या यंत्रावर तीच रेकॉर्ड लावली की ठरावीक जागी चिरका आवाज येतो, आणि तो नंतर कुठल्याच यंत्रावर जात नाही. यंत्र उद्या बदलता येतं, आजोबांची तबकडी नाही येत. म्हणूनच कमी पैशांत मी सगळ्यात आधी सुई आणि तिचा भार बघतो. बाकी सगळ्यात तडजोड चालते.

सुटकेसमध्ये दुसरी अडचण अशी की स्पीकर आणि सुई एकाच हलक्या खोक्यात. स्पीकरचा हादरा सुईला जातो, सुई तो परत स्पीकरला देते. आवाज वाढवला की घूं सुरू होतं. शिवाय मोटर छोटी, तबकडीखालची फिरती थाळी हलकी, त्यामुळे सूर डुलतो. नाचाच्या गाण्यात हे डुलणं खपून जातं. आपल्या गाण्यात नाही. तंबोरा हा टर्नटेबलचा सगळ्यात कडक परीक्षक आहे. तुमच्या गावात तंबोरे घडतात, तुमचे कान तयार असणार. विलंबित ख्यालाची एलपी लावा, सुरुवातीला गायक आवाज लावायच्या आधी नुसत्या तारा छेडलेल्या असतात, तिथे कान द्या. सा जागच्या जागी राहिला पाहिजे. तो लहरत असेल तर ते यंत्र शास्त्रीय संगीतासाठी नाही, मग ते कितीही देखणं असो.

यात एक खुबी लक्षात ठेवा. डुलणं संथ असेल, साधारण पावणेदोन-दोन सेकंदांनी एकदा, तर दोष बहुधा तबकडीचा असतो: मधलं भोक केंद्रात नाही किंवा तबकडी वाकलेली आहे. ३३ वर एक फेरा १.८ सेकंदांचा होतो, तोच तो झोका. थरथर त्याहून जलद असेल तर पट्टा, मोटर किंवा रबराचं चाक तपासायचं. जुनं यंत्र बघायला जाल तेव्हा एकच नाही, दोन तबकड्या घेऊन जा, म्हणजे दोष कुणाचा ते तिथेच कळतं.

काकांच्या टर्नटेबलवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चांगली माणसं प्रेमापोटी चूक करतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टचं सगळ्यांना माहीत असतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावला की यंत्र जळत नाही. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. जुन्या टर्नटेबलमधली एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवरच आपला वेग धरते. साठ हर्ट्झवर मिनिटाला ३३ १/३ फेरे मारणारी थाळी पन्नासावर २७.८ फेरेच मारते. म्हणजे सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांनी उतरतो. काळी एकमध्ये गाणारी बाई खालच्या काळी पाचमध्ये जाते, आणि ख्याल आधीच विलंबित, तो आणखी लांबतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच यंत्र घेऊन माझ्याकडे आले होते. म्हणाले, ‘मुलाने सिएटलहून पाठवलंय, बायकांचे आवाज पुरुषी लागतात.’ मी पट्टा बदलला, मोटरला तेल दिलं, दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी यंत्र उलटं करून पाटी वाचली: ६० हर्ट्झ. तेव्हापासून माझ्याकडे आलेलं प्रत्येक यंत्र मी आधी उलटं करतो.

तेव्हा काकांना सांगा, थाळी काढून यंत्र उलटं करा आणि पाटीचा स्पष्ट फोटो पाठवा. पाटीवर ‘५०/६० हर्ट्झ’ असेल, किंवा यंत्र डायरेक्ट ड्राइव्ह असेल, म्हणजे मोटर थाळीच्या बरोबर खाली असून वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळत असेल, तर चिंता नाही, ट्रान्सफॉर्मर पुरतो. हल्लीचे ॲडॅप्टरवर चालणारे टर्नटेबलही या बाबतीत निर्धोक. फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलं असेल आणि मोटर एसी असेल, तर पन्नासासाठीची मोठी पुली, म्हणजे मोटरवरचं छोटं चाक, मिळते का ते आधी बघा. काही युरोपीय आणि जपानी यंत्रांसाठी ती मिळते, बऱ्याच यंत्रांसाठी नाही मिळत. नसेल मिळत तर काकांचे आभार माना आणि यंत्र तिकडेच राहू द्या. जपानहून कुणी आणत असेल तरी हेच: तिथे १०० व्होल्ट, टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ, ओसाकाच्या बाजूला ६०.

यंत्र पाठवायचं ठरलंच तर थाळी, मागचं वजन आणि झाकण काढून वेगळं गुंडाळायचं, आर्म दोऱ्याने बांधायचा, हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला तुकडा) काढून सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत आणायचं. थाळी जागेवर ठेवून पाठवलेल्या यंत्राचं मधलं बेअरिंग प्रवासात दुखावतं आणि त्यानंतर येणारी घरघर कायमची असते.

फिएस्टाचं काय? मला त्या यंत्राबद्दल आपुलकी आहे. एका पिढीने त्याच्यावर गाणं ऐकलं. पण त्याच्यासारख्या जुन्या पोर्टेबल प्लेअरमध्ये भार जास्त, सुई बहुधा कधीच न बदललेली, आणि त्या काळच्या क्रिस्टल कार्ट्रिजचा स्फटिक दमट हवेत खराब होतो. म्हणून कोकणातून आणि मुंबईतून आलेली अशी यंत्रं फिरतात छान, पण आवाज बारीक आणि चपटा. दुरुस्ती होते, कुणी हौशी कारागीर मिळाला तर जरूर करून घ्या, नंतर, वेगळ्या पैशांतून. ऑटोचेंजर असेल, म्हणजे सहा-आठ तबकड्या दांडीवर चढवून एकामागून एक पाडणारा, तर त्याचं ग्रीस सुकून मेण झालेलं असतं. बळ लावून आर्म हलवू नका, आतले दातरे तुटतात.

आता नव्या यंत्राकडे. वीस हजारांच्या आतबाहेर मी दोन-तीन नावं घेतो. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स आणि जवळपास त्याच जातीचा सोनीचा पीएस-एलएक्स३१०बीटी. दोन्ही पट्ट्यावर चालतात, दोन्ही पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबलं की आर्म स्वतः जाऊन टेकतो, बाजू संपली की उचलून जागेवर येतो. घरात ज्येष्ठ माणसं असतील, हात थरथरत असेल, तर ही सोय लाखमोलाची आहे. ज्यांना ऐकता ऐकता डुलकी लागते त्यांच्यासाठीही, कारण सुई रात्रभर शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहत नाही. भार कारखान्यातच साधारण तीन ग्रॅमच्या आसपास बसवलेला असतो, तुम्हाला काही जुळवायचं नाही. टोक हिऱ्याचं, साधं गोल, आणि बदलायची सुई सहज मिळते. हौशी लोक या यंत्रांना नाकं मुरडतात, कारण कार्ट्रिज बदलता येत नाही आणि आर्म जुळवता येत नाही. त्यांचं खरं आहे. पण पहिल्या यंत्रात चुकीचा जुळवलेला आर्म हा न जुळवता येणाऱ्या आर्मपेक्षा वाईट, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. ब्लूटूथचं मॉडेल महाग मिळत असेल तर ते पैसे सुईसाठी ठेवा.

पुढचा टप्पा म्हणजे मागे वजन असलेला, हेडशेल निघणारा आर्म. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्सला ७८ चा वेगही आहे आणि त्याच्या व्हीएम९५ कार्ट्रिजला ७८ ची वेगळी सुई लावता येते. तुमची निम्मी पेटी ७८ ची निघाली, तर आज काहीही घेऊ नका, वर्षभर पैसे साठवा आणि हा घ्या. वर्षभर थांबणं जड जातं, कळतं मला. पण त्या तबकड्या चाळीस वर्षं माळ्यावर थांबल्या आहेत.

जुन्या बाजाराचा पर्यायही आहे: पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार, शिवाय ओळखीतून येणारी यंत्रं. टेक्निक्स, पायोनियर, ड्युअल, आपल्याकडचे कॉस्मिक आणि सोनोडाइन. चांगलं यंत्र मिळालं तर त्याच पैशांत नव्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा आवाज येतो. पण ते वाजवून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ‘फक्त सुई नाहीये, बाकी ओके’ असं विक्रेता म्हणाला की समजायचं, बाकी ओके आहे का हे कुणीच तपासलेलं नाही. आर्म दोन बोटांत धरून अगदी हलकेच पुढेमागे करा, बेअरिंगमध्ये खुळखुळ जाणवली तर सोडून द्या. थाळी हाताने फिरवून डोळे तिच्या कडेला लावा, वरखाली होता कामा नये. कार्ट्रिजचं नाव बघा, तिची सुई आज मिळते का ते फोनवर तिथेच शोधा. पट्टा सैल झालेला असणारच, तो स्वस्त असतो, त्यावरून भाव पाडा.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी बाहेर डोकावेल अशी ठेवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा: ३३ वर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. एखाद-दुसरा फेरा कमीजास्त झाला तर जुळवता येतो, ९५ किंवा १०५ झाले तर आत काहीतरी दुखतंय. १८० रेघांची स्ट्रोब चकती छापून घेतली तर जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसतात, कारण ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा हा खेळ जमत नाही.

मागे वजन असलेला आर्म घेतलाच तर एवढं करा. सुईचं झाकण काढा, आर्म हवेत तरंगेपर्यंत वजन मागेपुढे फिरवा, तिथे फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग वजन आणि चकती दोन्ही मिळून कार्ट्रिजच्या पत्रकात दिलेल्या आकड्यापर्यंत न्या. व्हीएम९५ईला दोन ग्रॅम. अँटीस्केटिंगही, म्हणजे आर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी कळ, तेवढ्यावरच. खात्री करायला छोटा डिजिटल काटा मिळतो. सोनाराच्या काट्यावरही जमतं, पण त्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला खेचतं आणि आकडा खोटा येतो. शिवाय काट्याची उंची तबकडीइतकीच हवी.

आवाजाच्या बाजूला फार पैसे घालू नका. घरात होम थिएटर किंवा ऑक्स असलेले स्पीकर असतील तर सुरुवातीला तेच पुरेत. एक गोष्ट मात्र समजून घ्या. टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, आणि तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला, तार मुद्दाम उचललेला असतो. १९५४ पासून त्याचा आरआयएए नावाचा ठरलेला आराखडा आहे. हे उलटं करून आवाज मोठा करणारा फोनो प्रीअॅम्प कुठेतरी लागतोच. वर सांगितलेल्या नव्या यंत्रांत तो आत असतो, मागच्या बटणाने चालू-बंद होतो. जुन्या अॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ खाचेत वायर लावली तर यंत्रातला बंद ठेवा, नाहीतर दोन प्रीअॅम्प एकावर एक चढतात आणि आवाज फाटतो. फार बारीक, कर्कश, खर्ज नसलेला आवाज आला तर दोन्ही बंद आहेत. सतत हम् येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडायची राहिलीय.

ठेवायची जागा पैशांशिवाय आवाज सुधारते. स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर नको. ओट्याचं काम करणाऱ्याकडून कडाप्प्याचा उरलेला तुकडा मागून आणा, खाली रबरी पाय लावा, गवंड्याच्या लेव्हलने सपाटी बघा. माझ्या स्वतःच्या घरी आजही कडाप्पाच आहे.

वीस हजारांतले दोन-अडीच हजार यंत्रावर खर्चू नका, ते तबकड्यांसाठी ठेवा. चाळीस वर्षांच्या धुळीवर नवी सुई टेकवली तर पहिल्याच दिवशी तिचं टोक भरतं. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या एलपींवर पांढरे ठिपके असतात, ती बुरशी. कार्बन फायबरचा ब्रश एक घ्या. धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साध्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, आणि सावलीत उभं वाळवायचं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लागू देऊ नका. लाख त्यात विरघळते. मी नवशिका असताना एका नाट्यगीताच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला आणि तबकडीची चकाकी गेली. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं पाकीट उचलून गेल्या. ती जागा आजही मला दिसते.

नव्या सुईचं आयुष्य साध्या गोल टोकाला साधारण ५०० तास, लंबवर्तुळी टोकाला ३०० तास धरा. रोज एक एलपी ऐकलीत तर गोल सुई दोन वर्षं आरामात जाते. जुन्या यंत्राबरोबर आलेली सुई कितीही चांगली दिसली तरी तिचे तास तुम्हाला माहीत नसतात, ती बदलाच.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं: तबकड्यांचे तीन ढीग करून आकडे लिहा, आणि काकांकडून पाटीचा फोटो मागवा. न्यू जर्सीत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, आज रात्री फोन केलात तर उद्या फोटो हातात पडेल. पाटीवर ‘५०/६०’ असेल, किंवा मोटर थाळीच्या बरोबर खाली निघाली, तर वीस हजारांतले बरेचसे वाचले, त्यातून नवी सुई आणि ट्रान्सफॉर्मर घ्या. नुसतंच ‘६०’ असेल आणि पुलीही मिळत नसेल, तर नवा ऑटोमॅटिक मागवा, आणि तो येईपर्यंत एलपी धुवायला घ्या. दिवसाला चार-पाच धुतल्या तरी यंत्र दारात येईल तेव्हा पंधरा-वीस तबकड्या तयार असतील.